जितका वेगळा, तितका मोलाचा

सकाळी आठच्या सुमारास कांदिवलीतल्या कोणत्याही मोठ्या सोसायटीच्या आवारात कचऱ्याचे डबे खाली येऊ लागतात. ठाकूर व्हिलेज असो, महावीर नगर असो की चारकोप, डब्यांतला माल साधारण सारखाच असतो. रात्रीचा उरलेला भात, मेथीच्या काड्या, चहाचा चोथा, केळ्याची साले, कढीतला कढीपत्ता. त्यातच दुधाची पिशवी, गोळ्यांची रिकामी पाकिटे, बाळाचे डायपर आणि एखाद्या मधुमेही आजोबांच्या इन्सुलिनची सुई. हे सारे एकाच काळ्या पिशवीत कोंबलेले. ती पिशवी खाली कुणीतरी उघडतो आणि बहुतेक वेळा उघड्या हातांनी चाळतो. सुई टोचली तर हेपॅटायटिस ‘बी’ची लागण होऊ शकते. पिशवी तशीच नाक्यावर पडून राहिली तर रात्री उंदीर येतात. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पडतात आणि पावसाळ्यात पोयसर नदीचे पाणी रस्त्यावर चढले की पायाच्या एखाद्या जखमेतून ते शरीरात शिरतात. ताप, अंगदुखी, लाल डोळे, मग कावीळ आणि मूत्रपिंडांवर घाला, हा क्रम मुंबईच्या रुग्णालयांना दर पावसाळ्यात पाहावा लागतो.

गंमत अशी की याच पिशवीतल्या मालापासून स्वयंपाकाचा गॅस, खत, डिझेलला पर्याय ठरणारे इंधन, ग्लिसरीन, जखम बांधण्याचे साहित्य आणि आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांचा कच्चा माल बनू शकतो. त्यामागचे बहुतेक विज्ञान जुने आहे. अडते ते त्या काळ्या पिशवीपाशी.

गोराईचा डोंगर

चारकोपच्या पुढे गोराई खाडीच्या काठाला गवताने झाकलेला एक उंचवटा आहे. तो डोंगर नाही. १९७२ पासून २००७ पर्यंत पश्चिम उपनगरांनी टाकलेला तो कचरा आहे. सुमारे २० हेक्टर जागेवर २३ लाख टनांहून अधिक कचरा तिथे साठला होता. पुढे महापालिकेने तो शास्त्रीय पद्धतीने बंद केला. वर मातीचे आणि प्लास्टिकच्या जाड आवरणाचे थर दिले आणि आत तयार होणारा वायू पाइपांनी गोळा करून जाळण्याची सोय केली.

वायू तयार होतो, कारण अन्न हवेविना कुजले की त्यातून मिथेन निघतो. वातावरणात मोकळा सुटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. शिवाय तो पेट घेतो. देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला जानेवारी २०१६ च्या अखेरीस लागलेल्या आगीचा धूर अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांतही दिसला होता. परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशा धुरात अर्धवट जळलेल्या प्लास्टिकचे विषारी अंश आणि फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण असतात. दमेकरी, लहान मुले आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना त्याचा त्रास पहिल्या दिवसापासून होतो.

मुंबईत रोज सुमारे साडेसहा हजार टन कचरा निघतो आणि त्यात अन्नाचा वाटा सर्वांत मोठा आहे. आज यातला बराचसा कांजूरमार्गला जातो. म्हणजे कांदिवलीच्या स्वयंपाकघरातले केळ्याचे साल शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत डिझेल जाळत प्रवास करते आणि तिथे पुन्हा मिथेन सोडते. तेच साल खाली आवारातल्या बंद टाकीत पडले असते तर त्याच मिथेनवर चहा उकळला असता.

टाकीतले पोट

बायोगॅसची टाकी समजून घ्यायची असेल तर गाईचे किंवा माणसाचे पोट डोळ्यांसमोर आणावे. टाकीत हवा नसते आणि आत असंख्य जंतू असतात. काम चार टप्प्यांत चालते. आधी भात, पोळी, डाळ यांचे मोठे रेणू फुटून साखर आणि अमायनो आम्ले होतात. मग दुसऱ्या जातीचे जंतू त्यांपासून ॲसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक अशी आम्ले बनवतात. तिसरा गट त्यांचे ॲसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतो. शेवटी ‘आर्किया’ नावाचे अतिप्राचीन सूक्ष्मजीव त्यापासून मिथेन तयार करतात.

यातला आम्ले बनण्याचा टप्पा आपल्या मोठ्या आतड्यातही रोज घडतो. न पचलेल्या तंतूंपासून तिथले जंतू हीच तीन आम्ले बनवतात आणि ब्युटिरिक आम्ल तर आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य खाद्य आहे. डॉक्टर रुग्णाला भाजी, सालासकट फळ आणि कोंड्याची पोळी खायला सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे.

टाकीला अजीर्णही होते. मिथेन बनवणारे जीव हळू वाढतात आणि आम्लता वाढली की काम थांबवतात. सणावाराला सोसायटीत जेवणावळ झाली आणि उरलेले सगळे अन्न एकाच दिवशी टाकीत ओतले तर आम्ले भराभर साचतात, गॅस थांबतो आणि आंबट वास सुटतो. ‘प्लांट बंद पडला’ म्हणून जी तक्रार होते तिचे कारण अनेकदा इतके साधे असते. उपायही रुग्णासारखाच: एकदोन दिवस लंघन, चिमूटभर चुना आणि नंतर रोज मोजून खाऊ घालणे. लिंबू-संत्र्याची साले जास्त पडली तरी त्यांतल्या तेलामुळे जंतू मंदावतात.

हिशेबही समजण्यासारखा आहे. एक टन अन्नकचऱ्यापासून साधारण ८० ते १२० घनमीटर बायोगॅस मिळतो आणि एक घनमीटर गॅस साधारण अर्धा किलो एलपीजीच्या बरोबरीचा. दोनशे घरांच्या सोसायटीत घरटी अर्धा किलो ओला कचरा धरला तर रोजचे १०० किलो झाले. त्यापासून दिवसाला चार-पाच किलो एलपीजीइतका गॅस, म्हणजे साधारण तीन दिवसांत एक घरगुती सिलिंडर. दोनशे घरांच्या चुली यावर पेटणार नाहीत. पण सोसायटीच्या कर्मचाऱ्यांचे जेवणखाण, जवळच्या एखाद्या पोळी-भाजी केंद्राची शेगडी सहज चालेल. आणि १०० किलो सडका माल रोज रस्त्यावर येणार नाही, हा आरोग्याचा फायदा सिलिंडरपेक्षा मोठा आहे.

माटुंगा ते तुर्भे

या विषयात मुंबई नवखी नाही. म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये माटुंगा-वडाळा भागात निराधार कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान सुरू झाले. आज ते ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणून ओळखले जाते. तिथल्या मैल्याच्या टाकीतून निघणारा वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवण्याचा प्रयोग १८९७ मध्ये झाला. जगातल्या बायोगॅसच्या इतिहासात या प्रयोगाचा उल्लेख हमखास येतो. ज्यांना शहराने दूर ठेवले होते त्यांच्या वस्तीत हे काम आधी झाले.

पुढे खादी ग्रामोद्योग आयोगामुळे गोबरगॅस खेड्यापाड्यांत गेला. धुराच्या चुलीपुढे बसणाऱ्या बाईचे डोळे आणि फुप्फुसे यांना त्याने दिलासा दिला. पण शहरात शेण कुठून आणायचे? पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने या प्रश्नाला सोपे उत्तर शोधले. शेण म्हणजे गुराने एकदा पचवलेले अन्न, त्यात ऊर्जा कमीच उरलेली. त्यापेक्षा उरलेला भात, पीठ, खराब फळे थेट टाकीला दिली तर थोड्या मालात आणि लहान टाकीत जास्त गॅस मिळतो. या घरगुती संयंत्राला २००६ मध्ये ब्रिटनचा ‘ॲश्डेन’ पुरस्कार मिळाला.

मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे आणि सहकाऱ्यांनी ‘निसर्गऋण’ संयंत्र विकसित केले. त्यात पचनाचे दोन भाग केले आहेत. ओला कचरा आधी मिक्सरमध्ये वाटून गरम पाण्यासह पहिल्या टाकीत जातो. तिथे हवा खेळती असते आणि उष्णता आवडणारे जंतू त्याचे झपाट्याने विघटन करतात. ही झाली चावण्याची आणि जठराची पायरी. मग तो रस मुख्य हवाबंद टाकीत जातो आणि गॅस बनतो. पहिल्या टाकीतल्या उष्णतेने बरेच रोगजंतूही मरतात. काळे यांना २०१३ मध्ये ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले.

या संयंत्रांची एक बाजू प्रयोगशाळेबाहेरची आहे. स्त्री मुक्ती संघटनेने कचरा वेचणाऱ्या बायांना प्रशिक्षण देऊन ‘परिसर भगिनी’ म्हणून उभे केले आणि अशा संयंत्रांची देखभाल त्यांच्याकडे आली. उकिरड्यावर वाकून वेचण्याऐवजी हातमोजे घालून, ठरलेल्या वेळी, पगारावर काम. कुत्र्याचा चावा, काचेची जखम, त्वचेचे रोग आणि पाठदुखी यांनी त्रासलेल्या या बायांसाठी हा बदल औषधाच्या पुडीपेक्षा मोलाचा होता.

वडापावची कढई आणि ग्लिसरीन

ओला कचरा सुक्यापासून वेगळा ठेवला की गॅस मिळतो. त्यातही एकाच प्रकारचा माल वेगळा ठेवला की किंमत आणखी वाढते. तळणीच्या तेलाचे उदाहरण घेऊ.

स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीपासून हॉटेलांपर्यंत कांदिवलीत रोज किती कढया चढतात याला गणती नाही. तेल पुन्हा पुन्हा तापवले की ते तुटून ‘पोलर’ संयुगे आणि अल्डिहाइडे तयार होतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला ती अपायकारक आहेत. म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून तेलातल्या एकूण पोलर संयुगांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली. त्याच ऑगस्टमध्ये वापरलेले तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची ‘रुको’ योजना सुरू केली. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. हेतू हा की मोठ्या हॉटेलातले काळे तेल स्वस्तात छोट्या गाड्यांवर जाऊन पुन्हा कुणाच्या पोटात जाऊ नये.

रसायनशास्त्र सोपे आहे. तेलात मिथेनॉल आणि थोडा अल्कली घालून गरम केले की दोन थर होतात. वर बायोडिझेल, खाली ग्लिसरीन. १०० किलो तेलामागे साधारण १० किलो. खोकल्याच्या औषधापासून त्वचेच्या मलमापर्यंत ग्लिसरीन सगळीकडे लागते.

मात्र इथे मुंबईने एक भयंकर धडा घेतलेला आहे. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात उपचार म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विष मिसळलेले निघाले आणि १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. ते ग्लिसरीन कचऱ्यातून आलेले नव्हते. पण धडा इथेही लागू आहे. रसायन कुठून आले यापेक्षा ते किती शुद्ध आहे आणि ते कुणी तपासले, हे रुग्णासाठी महत्त्वाचे. वापरलेल्या तेलापासून निघालेले कच्चे ग्लिसरीन साबणाला आणि उद्योगाला चालेल. औषधात जायचे तर त्याला शुद्धीकरणाच्या आणि चाचणीच्या साऱ्या पायऱ्या चढाव्याच लागतील. ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून त्यात सूट नाही.

टरफलापासून मलमपट्टी

कांदिवलीहून पश्चिमेला गेले की मनोरी-गोराईचे कोळीवाडे लागतात. कोळंबी सोलून झाली की टरफलांचा ढीग उरतो. दोन तासांत त्यावर माशा बसतात आणि वास सुटतो. या टरफलात कायटिन नावाचा पदार्थ असतो. टरफले आम्लात ठेवली की चुना निघून जातो, अल्कलीत ठेवली की प्रथिने निघून जातात. उरलेल्या कायटिनवर तीव्र अल्कलीची प्रक्रिया केली की ‘कायटोसन’ मिळते. कायटोसनवर धन विद्युतभार असतो आणि रक्तातल्या तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण. त्यामुळे पेशी त्याला चिकटतात आणि रक्तस्राव लवकर थांबतो. अमेरिकी सैनिकांच्या प्रथमोपचारात अशा पट्ट्या वापरल्या गेल्या आहेत. सहा तास उन्हात पडलेल्या, प्लास्टिक आणि भाजीत मिसळलेल्या टरफलांतून मात्र हे काढणे कुणाला परवडणार नाही.

लॅक्टिक आम्लाची गोष्टही अशीच. दुधाचे दही होताना जे आम्ल बनते तेच कारखान्यात साखर आंबवून मोठ्या प्रमाणावर बनवतात. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांच्या साखळीपासून बनलेले धागे शस्त्रक्रियेत टाक्यांसाठी वापरतात. काही आठवड्यांत ते शरीरातच विरघळतात, काढावे लागत नाहीत. बायोगॅसचे पचन मिथेनपर्यंत जाऊ न देता आधीच्या टप्प्यावर थांबवून अन्नकचऱ्यापासून अशी आम्ले मिळवण्यावर जगभर संशोधन चालू आहे. गॅस जळून जातो. आम्लापासून वस्तू बनते, म्हणून त्याला भाव जास्त.

उद्योगात हे घडून गेले आहे. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत मक्यापासून स्टार्च काढताना उरणारे पाणी पेनिसिलिनच्या बुरशीला खाद्य म्हणून दिले आणि उत्पादन अनेक पटींनी वाढले. तोवर त्या पाण्याला फारसे गिऱ्हाईक नव्हते. आपल्याकडे साखर कारखान्यांची मळी म्हणजेच मोलॅसिस आंबवून अल्कोहोल करतात. कोविडच्या २०२० सालात राज्यातल्या आसवन्यांनी त्याच अल्कोहोलपासून सॅनिटायझर पुरवले, हे अनेकांना आठवत असेल. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या ऊर्जा-जैवविज्ञान केंद्राने त्याही पुढे जाऊन शेतातल्या काड-कुट्यापासून इथेनॉल काढण्याचे तंत्र विकसित केले. या सर्व उदाहरणांत माल एकाच प्रकारचा, एका ठिकाणी, ताजा आणि बिनभेसळ मिळत होता.

डबा दोन हवेत, शिस्त एक

मुंबई महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून २० हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा रोज १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांना ओल्या कचऱ्याची आवारातच विल्हेवाट लावणे बंधनकारक केले. अनेकांनी यंत्रे घेतली. काही आजही नीट चालतात, काहींवर ताडपत्री आहे. यंत्र कोणते यापेक्षा यंत्राच्या तोंडाशी काय येते हे बघितले तर यशापयशाचे कारण सापडते. प्लास्टिकची एक पिशवी मिक्सरच्या पात्याला गुंडाळते. एका सेलमधले जड धातू खतात उतरतात आणि खत कुंडीतल्या भाजीत.

तेव्हा घरात करायच्या गोष्टी अशा. ओल्या कचऱ्याच्या डब्यात पिशवी लावू नये, तळाला वर्तमानपत्राचा कागद पुरतो. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वर खूण करून वेगळे द्यावेत. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवाव्यात आणि बाटली भरली की झाकण बंद करून ‘सुया आहेत’ असे लिहून सफाई कामगाराच्या हाती सांगून द्यावी. उरलेल्या गोळ्या ओल्या कचऱ्यात टाकू नयेत, कारण अँटिबायोटिके टाकीतल्या जंतूंनाही मारतात. तळणीचे तेल मोरीत ओतू नये, त्याने नळ तुंबतो. बाटलीत साठवून सोसायटीने एकत्र द्यावे.

सोसायटीच्या समितीने एक गोष्ट लेखी लावून ठेवावी: बायोगॅसच्या टाकीत किंवा मैल्याच्या टाकीत कुणीही, कोणत्याही कारणाने उतरायचे नाही. या टाक्यांत हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला त्याचा कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बधिर होते आणि वास येणे थांबते. आत उतरलेल्याला वाटते की वायू निघून गेला. तो कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. मुंबईत अशा बातम्या वारंवार येतात. २०१३ च्या कायद्याने मैल्याच्या टाकीत माणूस उतरवण्याच्या धोकादायक कामावर बंदी आहे. तुंबलेली टाकी बाहेरून यंत्राने उपसायची. गॅस शेगडीपर्यंत नेण्याआधी लोखंडाच्या किसातून गाळून घेतला की त्यातला हायड्रोजन सल्फाइड बराचसा अडतो.

हे सगळे उद्यापासून करायला नवे यंत्र लागत नाही. ठाकूर व्हिलेजमधल्या विसाव्या मजल्यावर असो की चारकोपच्या बैठ्या घरात, ओट्याखाली दोन डबे आणि सुयांसाठी एक बाटली मावते. सकाळी आठ वाजता खाली पिशवी उघडणाऱ्या माणसाच्या हाताला काय लागेल, हे आदल्या रात्री त्या ओट्यापाशीच ठरलेले असते.